अडतीस टक्क्यांवर बसलेला प्रोसेसर: एका अपग्रेडचं प्रकरण

"मामा, प्रोसेसर तर अडतीस टक्केच चालतोय. म्हणजे ग्राफिक्स कार्ड बदलायला पाहिजे ना?"

भाच्याचा मेसेज, आणि सोबत विंडोजच्या टास्क मॅनेजरचा (कशावर किती ताण आहे ते दाखवणाऱ्या खिडकीचा) फोटो. स्क्रीनशॉट नाही, मोबाइलने मॉनिटरचा काढलेला तिरका फोटो. सीपीयू ३८ टक्के हे त्याने लाल गोल करून दाखवलं होतं. मला मात्र डावीकडच्या रांगेत खाली दिसलेला आकडा जास्त खुपला: जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, ५४ टक्के. प्रोसेसर निवांत, कार्डही निवांत, आणि खेळ तर अडखळतोय. मग काम अडलंय कुठे? प्रोसेसर घ्यायचा की कार्ड, हा प्रश्न त्यानंतरचा.

आधी मशीन सांगतो. रायझन ५ २६००, म्हणजे २०१८ चा सहा कोअर (आतले काम करणारे भाग) आणि बारा थ्रेडचा (एका वेळी बारा कामं चालवणारा) प्रोसेसर. बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड. डीडीआर४ ३२०० रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या. आरटीएक्स ३०६० टीआय कार्ड, १०८०पी रिझोल्यूशनचा १४४ हर्ट्झचा मॉनिटर, ५५० वॅटचा पॉवर सप्लाय. कार्ड नंतर घातलेलं, बाकी सगळं पहिल्यापासूनचं. अशी जोडी पुष्कळांकडे असते, कारण कार्ड बदलणं सोपं आणि प्रोसेसर बदलायला हात धजत नाही.

खेळ मुख्यतः तीन. बाल्डर्स गेट ३, त्यातही तिसऱ्या अंकातलं गजबजलेलं शहर. काउंटर-स्ट्राइक २ मित्रांबरोबर. आणि फॅक्टोरिओ, ज्यात त्याने दीड वर्ष खपून एक अवाढव्य कारखाना उभा केलाय. तक्रार मुख्यतः पहिल्या खेळाची होती. फॅक्टोरिओचं नाव त्याने शेवटी, जाता जाता घेतलं. "ते काय मामा, थोडं हळू चालतं, सवय झालीये." हे वाक्य मी तेव्हा कानाआड केलं. पुढे सगळा निर्णय त्याच वाक्यावर फिरला.

अडतीस टक्क्यांचं कोडं आधी सोडवू. बारा थ्रेड म्हणजे प्रत्येकाचा वाटा ८.३ टक्के. खेळाचा मुख्य थ्रेड एकटाच छाती फुटेस्तोवर धावत असला तरी एकूण आकड्यात तो आठ टक्क्यांचीच भर घालतो. बाकीचे थ्रेड अधूनमधून मदत करतात, मुख्य थ्रेडचं काम संपायची वाट बघतात. शिवाय विंडोज हा थ्रेड या कोअरवरून त्या कोअरवर हलवत राहतं. त्यामुळे एकेका कोअरचा आलेख उघडला तरी कुठलाच सलग शंभरावर दिसत नाही. लग्नात पन्नास माणसं हजर असतात आणि पोळ्या लाटणारी एकच असते, तेव्हा हजेरी मोजून जेवण कधी होईल ते कळत नाही.

म्हणून टक्केवारी सोडली आणि वेगळं मोजलं. एकच सेव्ह, शहरातला एकच ठरलेला रस्ता, एक मिनिट चालायचं, तीनदा. सरासरी ४८ एफपीएस, म्हणजे सेकंदाला ४८ फ्रेम (चित्रं), आणि सगळ्यात संथ एक टक्का फ्रेम ३१ च्या आसपास. मग रिझोल्यूशन ७२०पी वर आणून ग्राफिक्सच्या सगळ्या सेटिंग किमान केल्या. चित्र ओळखू येईना इतकं वाईट. एफपीएस ५१. तीनची वाढ! कार्डावरचा बोजा निम्म्याहून कमी केला आणि हाती लागले तीन फ्रेम. डीएलएसएस (लहान चित्र काढून ते मोठं करणारी कार्डाची सोय) परफॉर्मन्सवर टाकूनही आकडा तिथेच. हे भाच्याने महिनाभर आधीच करून पाहिलं होतं आणि "डीएलएसएस बेकार आहे" असा निष्कर्ष काढला होता. बिचाऱ्या डीएलएसएसचा काही दोष नव्हता. ते कार्डाचं ओझं हलकं करतं, आणि इथे कार्ड मुळात रिकामं बसलं होतं. त्याच्या सल्ल्याने नवं कार्ड घेतलं असतं तर दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला झालं असतं.

तेवढ्यात टास्क मॅनेजरचं मेमरीचं पान उघडलं. वेग: २१३३.

पट्ट्यांवर ३२०० छापलेलं आहे, पण बोर्ड आपणहून त्या वेगाने चालवत नाही. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, एक्सएमपी (रॅम छापलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करावं लागतं. ते कधी झालंच नव्हतं. रायझनमध्ये याला जरा जास्त महत्त्व आहे, कारण आतल्या कोअरना जोडणारी इन्फिनिटी फॅब्रिक रॅमच्या घड्याळाशी बांधलेली असते. रॅम २१३३ वर म्हणजे फॅब्रिक १०६६ मेगाहर्ट्झवर, ३२०० वर म्हणजे १६०० वर. २६०० मध्ये सहा कोअर तीन-तीनच्या दोन गटांत आहेत, प्रत्येक गटाला आपापली ८ एमबी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच छोटी, वेगवान मेमरी. या गटातल्या कोअरला त्या गटातलं काही हवं असेल तर वाट फॅब्रिकवरूनच. म्हणजे आमचा रस्ता पहिल्या दिवसापासून अर्धवट उघडा होता.

एक्सएमपी चालू केलं. २६०० साठी रायझन बनवणाऱ्या एएमडीने अधिकृत सांगितलेली मर्यादा २९३३ आहे, त्यामुळे ३२०० टिकेलच याची खात्री नसते. इथे टिकलं. तोच रस्ता, तेच एक मिनिट: सरासरी ५४, संथ फ्रेम ३७. फुकटात. भाचा खूश झाला आणि लगेच खट्टूही झाला. "म्हणजे इतकी वर्षं मी..." त्यावर काही बोललो नाही.

५४ ने भागणार नव्हतं, तेव्हा आता खरेदीचा विचार. त्याच्या डोक्यात एएम५ (एएमडीचा नवा सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा) होतं: नवा बोर्ड, डीडीआर५ रॅम, नवा प्रोसेसर, सगळं एकदम. त्याचा मुद्दा चुकीचा नव्हता. एएम५ २०२२ मध्ये आलं आणि पुढचे प्रोसेसरही त्याच सॉकेटवर बसतील. पण तिथे डीडीआर४ चालत नाही, म्हणजे एका प्रोसेसरसाठी तीन गोष्टी बदलायच्या. उलट त्याच्या एएम४ बोर्डवर २०१८ च्या प्रोसेसरच्या जागी दोन पिढ्या पुढचा, झेन ३ रचनेचा प्रोसेसर बसू शकत होता. २०२० च्या मे महिन्यात एएमडीने आधी जाहीर केलं होतं की बी४५० सारख्या बोर्डांना झेन ३ मिळणार नाही. लोकांनी एवढा आरडाओरडा केला की त्यांना निर्णय फिरवावा लागला. तो आरडाओरडा करणाऱ्यांचे आभार मानायला हवेत, त्यांच्यामुळे असे असंख्य जुने बोर्ड अजून कामाचे आहेत.

झेन ३ मध्ये मुख्य बदल असा की कोअरचे दोन गट जाऊन एकच झाला आणि त्या सगळ्यांना मिळून ३२ एमबी एल३. मग नावात एक्सथ्रीडी असलेल्या प्रोसेसरांत त्याच चिपवर आणखी ६४ एमबी कॅशचा थर चढवलेला, एकूण ९६. याचा उपयोग काय? एल३ मधून माहिती यायला साधारण १० नॅनोसेकंद लागतात, रॅममधून ७० च्या आसपास. खेळ पुन्हा पुन्हा त्याच त्या गोष्टींची विचारपूस करत असेल, म्हणजे कुठला माणूस कुठे उभा आहे, कुठल्या पट्ट्यावर कुठला माल आहे, तर ही माहिती हाताशी असणं आणि कोठारातून आणावी लागणं यात सातपटीचा फरक पडतो. गिगाहर्ट्झचा आकडा याबद्दल काहीच सांगत नाही.

आमच्या यादीत तीन नावं उरली: रायझन ५ ५६००, रायझन ७ ५७००एक्स आणि रायझन ७ ५७००एक्सथ्रीडी. ५८००एक्सथ्रीडी आम्ही शोधत होतो तेव्हा नवा कुठे मिळेना, आणि या सॉकेटच्या पिना प्रोसेसरलाच असतात, त्यामुळे वापरलेला न बघता घ्यायला मी तयार नव्हतो. त्याच्यात आणि ५७००एक्सथ्रीडीत कॅश तेवढीच आहे, कमाल वेग ४.५ ऐवजी ४.१ गिगाहर्ट्झ.

नावांच्या या गोंधळात भाचा एकदा घसरलाच. त्याने नुसता ५७०० कार्टमध्ये टाकला होता. एक्सविना. "एका अक्षराने काय होतंय?" बरंच काही होतं. नुसत्या ५७०० ची चिपच वेगळी आहे. आठ कोअर तेवढेच, पण एल३ कॅश १६ एमबी, म्हणजे सहा कोअरच्या ५६०० च्या निम्मी. ५५०० आणि ५६००जी यांचीही तीच कथा. ज्याला कॅशसाठीच प्रोसेसर बदलायचाय त्याने मोठा आकडा बघून नेमका कमी कॅशचा उचलायचा, याला नशीबच लागतं.

५७००एक्स मी लवकर बाजूला केला. आठ कोअर आहेत, पण खेळाला सहाच पुरत होते आणि कॅश ५६०० एवढीच. व्हिडिओ एडिटिंग वगैरे असतं तर गोष्ट वेगळी. राहिले दोन, आणि माझं मत पक्कं होतं: ५६०० घे, उरलेले पैसे पुढच्या कार्डासाठी ठेव. ३०६० टीआय सारख्या कार्डापुढे एवढ्या मोठ्या कॅशचं काम काय?

मत पक्कं होतं, पुरावा नव्हता. आणि पुरावा माझ्याच घरात होता, कारण माझ्या मशीनमध्ये ५६०० आहे. तो काढून त्याच्या बोर्डवर लावून बघायचं ठरलं.

आधी बायोस, आणि ते जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. जुन्या बायोसला नवा प्रोसेसर ओळखताच येत नाही, मग काळ्या स्क्रीनपुढे बसायची वेळ येते. बोर्डच्या पानावर प्रत्येक प्रोसेसरपुढे किमान कुठली आवृत्ती लागते ते लिहिलेलं असतं, त्यात ५७००एक्सथ्रीडी आहे का तेही तेव्हाच पाहून घेतलं. त्याचं बायोस २०१९ चं होतं. अपडेटचा आणखी एक फायदा होता. प्रोसेसरमधल्या एफटीपीएममुळे (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या भागामुळे) मशीन मध्येच क्षणभर गोठतं, हे एएमडीने २०२२ च्या मार्चमध्ये स्वतः मान्य केलं आणि त्यानंतरच्या बायोसमध्ये दुरुस्ती दिली. भाच्याला कधीकधी आवाजासकट बसणारा झटका त्यातलाच असावा, कारण अपडेटनंतर तो पुन्हा आला नाही.

पेनड्राइव्ह, फाइल, पाच मिनिटं श्वास रोखून बसणं. झालं. आणि सवयीने मेमरीचा वेग पाहिला: परत २१३३. बायोस अपडेटने सगळ्या सेटिंग मुळावर येतात. न बघता तसंच पुढे गेलो असतो तर नवा प्रोसेसर मंद रॅमवर मोजला असता आणि त्यालाच नावं ठेवली असती.

आता माझा पराक्रम. प्रोसेसरबरोबर आलेला मूळचा पंखा, त्याखाली इतक्या वर्षांची वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता कूलरकडे नेणारा लेप). असा कूलर काढायच्या आधी मशीन दहा-पंधरा मिनिटं जोरात चालवून पेस्ट गरम करायची, स्क्रू सैल करायचे, कूलर डावीउजवीकडे हळूहळू फिरवायचा आणि मगच उचलायचा. हे मी दहा जणांना सांगितलंय. त्या दिवशी गप्पांच्या नादात चारी स्क्रू काढले आणि सरळ वर ओढला. 'टक्' असा आवाज आला. कूलर हातात, आणि त्याच्या बुडाला प्रोसेसर चिकटलेला. सॉकेटची कडी खाली लावलेली असूनही तो उपटून आला होता. भाचा काही बोलला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला.

१३३१ पिनांपैकी कोपऱ्यातल्या तीन आडव्या झुकल्या होत्या. हेअर ड्रायरने कूलर गरम केला आणि प्रोसेसर फिरवत फिरवत सोडवला. मग लीड काढलेली मेकॅनिकल पेन्सिल घेतली. तिच्या टोकाच्या पोकळ नळीत पिन बरोबर बसते. एकेक पिन नळीत घेऊन केसभर उचलायची, बाजूने रांगेशी ताडून बघायची, परत केसभर. एकदम सरळ करायला गेलं की मुळाशी तुटते. नंतर एका जुन्या प्लास्टिक कार्डाची कड रांगांमधून फिरवून पाहिली. कुठे अडली नाही. पाऊण तास गेला. हा प्रोसेसर नवा येईपर्यंत परत बसवायचा होता, त्यामुळे फेकून देण्याची सोय नव्हती.

५६०० बसवून मशीन चालू केलं तर काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत मजकूर: नवा सीपीयू, एफटीपीएम रीसेट करायचा का, वाय की एन? भाच्याचं बोट वायकडे निघालेलं. थांबवलं. वाय दाबलं की जुन्या प्रोसेसरच्या एफटीपीएममधल्या किल्ल्या जातात. डिस्कवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल आणि रिकव्हरी की हाताशी नसेल, तर विंडोज दारातच उभं करतं. त्याच्याकडे एन्क्रिप्शन नव्हतं हे आधी पाहिलं होतं, तरी हा प्रोसेसर पाहुणा होता, म्हणून एन दाबलं. जुना प्रोसेसर परत आल्यावर सगळं होतं तसं मिळतं.

बाल्डर्स गेटचा तोच रस्ता: सरासरी ७६, संथ फ्रेम ५५, आणि जीपीयू आता नव्वद टक्क्यांच्या वर. काउंटर-स्ट्राइकमध्ये धुराच्या गोंधळात जो आकडा कोसळायचा तोही सावरला. मी विजयी मुद्रेने पाहिलं. "बघ. ५६०० पुरे."

"फॅक्टोरिओ लावून बघू ना, मामा."

या खेळात एफपीएसपेक्षा यूपीएस, म्हणजे सेकंदाला होणारे अपडेट, बघायचे असतात. खेळाचं जग सेकंदाला ६० वेळा पुढे सरकायला हवं, म्हणजे प्रत्येक पायरीला १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात हिशेब संपला नाही की चित्र अडखळत नाही, काळच मंदावतो. पट्टे संथ, गाड्या संथ, माणूस संथ. म्हणून तर त्याला 'सवय' झाली होती. एफ४ च्या यादीतून वेळेचा तपशील पडद्यावर घेता येतो. जुन्या नोंदी माझ्याकडे होत्या: २६०० वर मंद रॅमसह ३४ यूपीएस, एक्सएमपीनंतर ३८. आता ५६०० वर ५२. पायरीला १९ मिलिसेकंद. सुधारणा चांगली, पण साठाला अजून तोकडीच. आणि तो कारखाना वाढतच होता. इथे कार्डाचा संबंधच नाही, त्यामुळे 'उरलेले पैसे कार्डासाठी ठेव' या माझ्या सल्ल्यालाही अर्थ उरला नाही.

मी हरलो. तो फक्त बाल्डर्स गेट खेळत असता तर आजही मी ५६०० च सांगितला असता आणि वरचा खर्च उधळपट्टी ठरवला असता. एका खेळाने उत्तर बदललं, आणि तोही असा खेळ ज्याची त्याने तक्रारच केली नव्हती.

२६०० परत बसवला. वाकवून सरळ केलेल्या पिना असूनही तो स्वतःच्या वजनाने सॉकेटमध्ये उतरला. चालू झाल्यावर पहिली गोष्ट पाहिली ती रॅम: पूर्ण १६ जीबी. पिन नीट टेकली नसेल तर अनेकदा मेमरीचं एक चॅनलच, म्हणजे इथे अर्धी रॅम, गायब होतं.

५७००एक्सथ्रीडी आला. सोबत कूलर नसतो, आणि जुना पंखा त्याला पुरलाही नसता. कागदावर हा १०५ वॅटचा आहे. खेळताना तेवढी वीज खात नाही, पण कोअरवरच्या सिलिकॉनच्या जादा थरामुळे उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो आणि त्याची मर्यादा ९० अंश. १२० मिलिमीटर पंख्याचा साधा टॉवर कूलर लावला. खेळताना सत्तरीच्या आसपास राहतो. ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) बंदच असतं, त्यामुळे भाच्याचा एक छंद वाचला. पॉवर सप्लाय तोच, विंडोज तेच, यावेळी वाय दाबलं. आणि हो, कूलर काढायच्या आधी भाच्याने वीस मिनिटं गेम चालवून ठेवला होता, मला न विचारता.

बाल्डर्स गेट: सरासरी ८४, संथ फ्रेम ६३, जीपीयू ९७ टक्के. ५६०० पेक्षा आठच फ्रेम जास्त, कारण आता कार्डच हद्दीला पोचलंय. इथपर्यंत माझं म्हणणं खरं होतं. फॅक्टोरिओ: ६० यूपीएस, पायरीला १३ मिलिसेकंद. पाहिल्यावर भाचा म्हणाला, "फार पळतंय." दीड वर्षाने त्याला त्याचा कारखाना खऱ्या वेगात दिसत होता. दोन दिवस त्याला गाड्यांखाली न येता रूळ ओलांडता येत नव्हते.

एक झटका अजून बसतो. फॅक्टोरिओ आपोआप सेव्ह करतं तेव्हा सगळं काही सेकंद थांबतं, आणि एवढ्या मोठ्या कारखान्याला ते जाणवतंच. विंडोजवर हा खेळ सेव्ह करताना थांबतोच, कॅश कितीही असो. दोन सेव्हमधलं अंतर त्याने वीस मिनिटांवर नेलंय.